मदत हवी आहे: प्रिसिजनच्या जोडीला दुसरा बास कोणता?
मंडळी, सध्या फेंडर प्रिसिजन बास गिटार (पी-बास) आहे: ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), पॅसिव्ह (बॅटरीविना), फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा. जाड, गोल आवाज त्यातून मिळतो, म्हणजे दुसरा पी-बास नकोच. स्लॅपसाठी (अंगठ्याने तार आपटून वाजवायला) खणखणीत ब्रिज पिकअप (ब्रिजजवळचा, तारांचा आवाज टिपणारा) हवा, म्हणून जॅझ बासकडे कल आहे. नटपाशी (वरच्या टोकाला) त्याचा नेकही अरुंद, साधारण ३८ मिमी.

अडचण त्याच्या सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपची. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम सारखे असले की हम (विजेची गुणगुण) कटतो. एक कमी केला की गुणगुण सुरू. डिमरच्या लाइटजवळ तर विचारूच नका. हमलेस पिकअप बसवले तर वरची धार कितपत बोथट होते?

की सरळ पाच तारांचा ॲक्टिव्ह (बॅटरीवरचा) बास घ्यावा? खालचा बी स्वर (सुमारे ३१ हर्ट्झ) ३४ इंचावर ०.१३० इंच जाडीच्या तारेने घट्ट राहतो, की ३५ इंच लागतातच? बजेट ६० हजार, जुना चालेल.