ल्हासातला साहेब: मित्र की खबऱ्या?

घाटवाटा

इंग्रज अधिकारी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कलेक्टर, जमाबंदी आणि जिमखाना येतो. तिबेटात नेमलेला अधिकारी या साच्यात बसत नाही. तिथे त्याला ना सारा वसूल करायचा होता, ना राज्य चालवायचं होतं. तरी त्याच्यावरही सरसकट 'साम्राज्याचा हस्तक' असा शिक्का मारला जातो. तो मला पटत नाही, म्हणून हा धागा.

ह्यू रिचर्डसनचंच बघा. १९०५ साली स्कॉटलंडमध्ये जन्म, ऑक्सफर्डला शिक्षण, १९३० मध्ये आयसीएस, आधी बंगाल, मग बलुचिस्तान. १९३६ च्या उन्हाळ्यात ग्यांत्सेला ट्रेड एजंट (व्यापार प्रतिनिधी) म्हणून आला आणि लगेच सिक्कीमचा पोलिटिकल ऑफिसर बेसिल गूल्ड याच्या शिष्टमंडळाबरोबर ल्हासाला गेला. गूल्ड पुढच्या वर्षी परतला, रिचर्डसन मागे राहिला. मधली काही वर्षं सोडली तर १९५० पर्यंत तो तिथेच होता.

दिवस कसे जायचे? मुक्काम देकी लिंगका या बागेतल्या घरात, जागा कुंदेलिंग मठाची. आल्या आल्या भेटींचं सत्र सुरू. आधी राजप्रतिनिधी, मग कशागचे, म्हणजे मंत्रिमंडळाचे, चार मंत्री, मग इतर बडी मंडळी. प्रत्येकाकडे पांढरी रेशमी खाता (मानाचं वस्त्र) घेऊन जायचं आणि लोणी-मिठाचा चहा प्यायचा. एक घोट घेतला की नोकर पेला पुन्हा काठोकाठ भरणार, त्यामुळे जाणते लोक निघेपर्यंत पेल्याला फारसा हातच लावत नसत. मग ही सगळी मंडळी परतभेटीला येणार. बरोबर धान्याची पोती, लोणी, वाळवलेल्या अख्ख्या मेंढ्या आणि शेकड्यांनी अंडी. त्यातली खाण्याजोगी किती, ते फोडल्याशिवाय कळायचं नाही! सरदारांकडची जेवणं चिनी थाटाची, त्यात समुद्रातून येणारे पदार्थसुद्धा. समुद्र कुठे आणि ल्हासा कुठे, पण प्रतिष्ठेला अंतर दिसत नाही. देकी लिंगकात सिनेमा दाखवत, तेव्हा लामांपासून सरदारांपर्यंत सगळ्यांची गर्दी व्हायची. लाडके दोघं: चार्ली चॅप्लिन आणि रिन टिन टिन हा कुत्रा.

या धबडग्यात रिचर्डसन ल्हासाची अदबीची बोली अस्खलित शिकला. फिरता फिरता जुन्या शिलास्तंभांवरचे लेख वाचून उतरवून घेतले. त्यातलं बरंच पुढे उद्ध्वस्त झालं, पण त्याच्या नकला उरल्या. हे खबऱ्याचं काम वाटतं का?

शंकेखोर

लेखन छान, निष्कर्ष भाबडा.

'सारा वसूल करायचा नव्हता' म्हणे! हे अधिकारी तिबेटात बसले कोणत्या कागदाच्या जोरावर? १९०४ च्या. यंगहजबंड या इंग्रज अधिकाऱ्याची फौज आधी आत शिरली. ३१ मार्चला गुरू गावाजवळ सहाशेच्या वर तिबेटी माणसं काही मिनिटांत मारली गेली, हातात तोड्याच्या बंदुका आणि तलवारी. सप्टेंबरात ल्हासात करार लादला. ज्यांच्या घरात घुसले त्यांच्याकडूनच ७५ लाख रुपये खंडणी, नंतर ती २५ लाखांवर आणली. वर ग्यांत्से, यातुंग आणि गारतोकला व्यापारी ठाणी. ग्यांत्सेचा 'व्यापार प्रतिनिधी' फौजेची तुकडी बाळगून राहायचा. लोकरीची गाठोडी मोजायला संगिनी कशाला लागतात?

आणि १९३६ ला ल्हासात राहण्याची रीतसर परवानगी तिबेट सरकारने दिली होती? नाही. शिष्टमंडळ तात्पुरतं होतं, ते उठलंच नाही. कारण १९३४ मध्ये चीनने आपली माणसं आणि वायरलेस ल्हासात ठेवले होते, मग इंग्रजांनाही तिथे माणूस आणि वायरलेस हवा होता. तुम्ही ज्या चहापानाचं इतकं रसभरित वर्णन केलंत, त्याची नोंद मिशनच्या, म्हणजे या शिष्टमंडळाच्या, डायरीत व्हायची. कोण आला, कोणाबद्दल काय म्हणाला, कोणाचं कोणाशी बिनसलंय. ती डायरी गंगटोकच्या पोलिटिकल ऑफिसरकडून दिल्लीला आणि तिथून लंडनला. सिनेमाला आलेला सरदार चॅप्लिन बघून हसत होता, आणि यजमान सरदाराला बघत होता.

राधिका_कु

दोघंही 'साहेबा'भोवतीच फिरताय. रोजचं काम करत कोण होतं, हे कोणी विचारेल का?

गारतोक घ्या. पश्चिम तिबेट, चौदा हजार फुटांच्या वर. तिथला 'ब्रिटिश' ट्रेड एजंट इंग्रज कधीच नव्हता. पहिले ठाकूर जयचंद, पुढेही हिंदी माणसंच. उन्हाळ्यात वर जाऊन व्यापाऱ्यांच्या तक्रारी ऐकायच्या, थंडी पडली की सिमल्याकडे उतरायचं. तिथे गोऱ्याला बसवायला सरकारला परवडत नव्हतं.

ल्हासात रायबहादूर नोर्बू धोंडुप. तिबेटी वंशाचा, कोणाकडे कोणती भेट न्यायची, कोणता शब्द कोणापुढे वापरायचा हे सगळं त्याला ठाऊक. साहेब रजेवर गेला की मिशन तोच सांभाळायचा.

आणि डेव्हिड मॅकडोनल्ड. बाप स्कॉटिश, आई लेपचा. यातुंगला पंधरा वर्षं एजंट. फेब्रुवारी १९१० मध्ये चिनी फौज ल्हासात शिरली आणि तेरावे दलाई लामा निसटले, तेव्हा त्यांनी रात्र काढली ती याच्या घरात. तिबेटी त्याला घरच्यासारखी यायची. तरी गंगटोकची मोठी खुर्ची, म्हणजे पोलिटिकल ऑफिसरची, त्याला १९२१ मध्ये जेमतेम काही महिने, हंगामी म्हणून मिळाली. निवृत्तीनंतर कालिम्पाँगला हॉटेल चालवलं. मित्र की खबऱ्या हा वाद या लोकांबद्दल कोणी घालत नाही. का, ते सांगायला नकोच.

अर्जुनी_मोरगाव

आमच्या तालुक्यात गोठणगावला तिबेटी वसाहत आहे, त्यामुळे विषय जवळचा. एक शंका. सरदार, मंत्री, मठाधिपती झाले. साध्या माणसाला, म्हणजे याक हाकणाऱ्याला किंवा बाजारात बसणाऱ्या बाईला, या साहेबाचा कधी काही संबंध यायचा का?

घाटवाटा

यायचा, आणि तो बहुतेक दवाखान्यात. १९३६ च्या शिष्टमंडळात कॅप्टन मॉर्गन हा डॉक्टर होता, त्याच्या दारात रोज रांग लागायची. तिबेटात देवीचा रोग हा कर्दनकाळ होता, १९०० च्या साथीत एकट्या ल्हासा परिसरात हजारोंनी माणसं गेली होती, त्यामुळे लस टोचून घ्यायला लोक आपणहून यायचे. ग्यांत्से-यातुंगलाही दवाखाने होते. शंकेखोर, हेही डायरीत लिहिलं जायचं म्हणून औषध खोटं ठरतं का?

दुसरा संबंध मैदानावर. शिष्टमंडळाने फुटबॉलचा संघ काढला, नाव 'मिशन मार्मट्स'. बारा हजार फुटांवर! ल्हासातल्या नेपाळी, तिबेटी, लडाखी पोरांचे संघ त्यांच्याशी खेळायचे. पुढे तिबेट सरकारने फुटबॉलवर बंदी घातली. आणि रिचर्डसन गोल्फ खेळायचा. विरळ हवेत चेंडू भलताच लांब जातो, अशी त्याची गोड तक्रार होती.

राधिका, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मॅकडोनल्डवर वेगळा धागा काढाच.

शंकेखोर

औषध खोटं नाही. पण दवाखान्याचा खर्च, फौजेचा पगार, तारेची लाइन हे सगळं हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीतून. म्हणजे तिबेटातल्या साहेबाच्या लोकप्रियतेचं बिल इथला शेतकरी भरत होता. मैत्री त्यांची, पैसा आपला.

जुनं_खोड

वा, 'आपला' म्हणालात, आता त्या 'आपला'चंच बोलू.

मी तिबेटच्या प्रश्नात ना घाटवाटांच्या बाजूचा, ना तुमच्या. पण चार्ल्स बेल, गूल्डच्या आधीचा सिक्कीमचा पोलिटिकल ऑफिसर, विसरून चालणार नाही. दार्जिलिंग-कालिम्पाँगला राहून तिबेटी शिकला, शब्दकोश केला, १९१० ते १२ दलाई लामा हिंदुस्थानात परागंदा होते तेव्हा त्यांच्याशी तासन् तास एकांतात बोलला. सोबतीला तिबेटी खानदानी माणूस, पालहेसे. ही मैत्री खरीच होती, मला शंका नाही. आणि तिचं फळ काय? १९१४ च्या वसंतात बेल आणि तिबेटचा मंत्री लोन्चेन शात्रा यांनी दिल्लीत बसून सीमा ठरवली. तीच मॅकमहोन रेषा. तवांग या बाजूला आलं ते त्या बोलण्यातून. आज नकाशावर तवांग आपलं म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी बेलला निव्वळ हस्तक म्हणताना जरा दम खावा. फायदा घ्यायचा आणि शिव्याही घालायच्या, हे काही खरं नाही.

१९२१ मध्ये बेल ल्हासातलं जवळजवळ वर्षभराचं वास्तव्य आटोपून परतला, त्यानंतर तिबेटला इंग्रजांकडून १०,००० रायफली, २० मशीनगन आणि १० डोंगरी तोफा विकत घेण्याची मुभा मिळाली. लामांना दुबळंच ठेवायचं असतं तर हे का केलं?

आणखी एक. १५ ऑगस्ट १९४७ ला देकी लिंगकावरचा झेंडा बदलला, माणूस तोच राहिला. रिचर्डसन हिंदुस्थानचा प्रतिनिधी झाला, १९५० मध्ये भारतीय अधिकारी सुमुल सिन्हा येईपर्यंत. म्हणजे ती तुकडी, तारेची लाइन, विश्रामगृहं, सगळं स्वतंत्र भारताने जसंच्या तसं चालवलं. २९ एप्रिल १९५४ च्या करारात ते सोडलं आणि बारा विश्रामगृहं चीनच्या हवाली केली. त्याच जुलैत ग्यांत्सेच्या पुरात आपली एजन्सीच वाहून गेली, आपली कितीतरी माणसं त्यात गेली. यंगहजबंडचा वारसा सात वर्षं आपणही सांभाळला. तिबेटी लोकांना विचारून?

शंकेखोर

तवांगचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो. बेलच्या मैत्रीतून साम्राज्याची हद्द पुढे सरकली. ती आज आपल्या पथ्यावर पडली म्हणून मैत्री निर्हेतुक ठरत नाही. आणि रायफली फुकट नव्हत्या, तिबेटने पैसे मोजून घेतल्या.

घाटवाटा

निर्हेतुक होती असं मी कुठे म्हटलं? नोकरीत हेतू असतोच. प्रश्न हा, की नोकरी संपल्यावर माणूस काय करतो. १९५९ मध्ये तिबेटचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत गेला. ठराव आणला आयर्लंड आणि मलायाने. ब्रिटन तटस्थ, भारतही तटस्थ. तेव्हा रिचर्डसन आपल्याच देशाच्या भूमिकेविरुद्ध तिबेटींच्या बाजूने धावपळ करत होता, त्यांना मसुद्यासाठी मदत करत होता. ब्रिटनच्या वागण्याची लाज वाटते हे उघड म्हणाला. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला यातून काय मिळणार होतं?

राधिका_कु

+१. आणि तटस्थ राहणाऱ्यांत आपणही होतो, हे लिहिल्याबद्दल आभार.

शंकेखोर

पेन्शन सुरू झाल्यावरचं धैर्य मी मोजत नाही. चौदा वर्षांच्या काळात, खुर्चीत असताना, 'तिबेट स्वतंत्र आहे असं लंडनने जाहीर करावं, नाहीतर मी राजीनामा देतो' असं त्याने लिहिलेलं एक टिपण दाखवा. मग मित्र म्हणेन.

जुनं_खोड

या कसोटीवर आपल्या परराष्ट्र खात्यातलं कोण उतरतं, तेही सांगून टाका.