चर्चा: स्वर्गाची आशा बळ देते की गप्प बसवते?

वास्कोवाली
आमच्या चर्चच्या मंडळीत परवा एका विश्वासी भावाने साक्ष दिली, म्हणजे उभं राहून आपला अनुभव सांगितला. २०१८ साली इथल्या गोव्यातल्या खाणी बंद पडल्यापासून त्याचा खनिजाचा ट्रक अंगणात उभा होता. टायर सडले, बँकेच्या नोटिसा आल्या, शेवटी ट्रक भंगारात गेला. तरी तो म्हणाला, "ट्रक गेला, पण स्वर्गातलं वतन कोण नेणार?" हे ऑफिसात सांगितलं तर एक सहकारी फटकन म्हणाली, "गरिबाने गप्प बसावं म्हणून काढलेली युक्ती आहे ही." मला हे साफ अमान्य आहे. आपलं संकट हलकं आणि क्षणिक आहे, पुढचा गौरव सार्वकालिक आहे, असं येशूचा प्रेषित पौल बायबलमधल्या करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात लिहितो. पण त्याच पत्रात पुढे तो हिशेबही देतो: ५ वेळा प्रत्येकी ३९ फटके, ३ वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, ३ वेळा जहाज फुटलं. एवढं अंगावर झेललेला माणूस 'हलकं' म्हणतो, तेव्हा मी ऐकते.

डिचोलीकर
ताई, पौल स्वतःच्या पाठीबद्दल बोलला. इथे प्रश्न वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातल्या ८८ खाण-लीजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं, कारण ते कायदा डावलून झालं होतं. नूतनीकरण केलं सरकारने, कमावलं खाणमालकांनी, हप्ते राहिले ट्रकवाल्याच्या डोक्यावर. स्वर्गाकडे डोळे लावलेला माणूस याचा जाब कोणाला विचारणार? आम्हा हिंदूंतही तेच, 'नशिबाचे भोग' म्हटलं की विषय संपला.

सालसेतकर
तसे लोक हात बांधून बसतात हे मला पटत नाही. आमच्या बाणावलीत १६५१ साली जन्मलेले संत जुझे वाझ बघा. डचांनी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कॅथलिकांवर बंदी घातलेली, तिथे ते वेष पालटून गेले. तिथल्या कँडी शहरात हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. १६९७ मध्ये त्याच कँडीत देवीची साथ आली तेव्हा वाझ पळाले नाहीत, टाकून दिलेल्या रोग्यांची सेवा करत राहिले. मरणाची भीती गेली नसती तर हे जमलं असतं का?

फोंड्याची आई
वाझ थोरच. मी साधी बाई. माझा मुलगा सोळाव्या वर्षी गेला. घर माणसांनी भरलं आणि जो तो म्हणे, "देवाला आवडला म्हणून नेला, स्वर्गात भेटेल, रडू नको." मी विश्वासात होते, आजही आहे. पण त्या बोलण्याने मला धड रडताही आलं नाही. शेजारची हिंदू बाई पेजेचं भांडं घेऊन यायची, काही न बोलता मोरीतली भांडी घासायची आणि जायची. तिच्यामुळे मी तरले.

वास्कोवाली
ताई, तुमचं वाचून थांबले. ज्यांनी तुम्हाला रडू दिलं नाही, त्यांनी बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय नीट वाचलेला नाही. मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला. मग आईला रडू नको म्हणणारे आपण कोण? बायबलमधल्या ईयोबाने मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलं, तेव्हा त्याचे मित्रही ७ दिवस ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तोवर त्यांचं बरोबर होतं. पुढे उपदेश सुरू झाला, आणि शेवटी देव संतापला तो त्या उपदेशकांवर. देवालाच जाब विचारणारा ईयोब मात्र योग्य बोलला, असं देव स्वतः म्हणतो. ही आशा ज्याची त्याने आपल्या दुःखात धरावी. दुसऱ्याच्या तोंडावर मारायला ती दिलेलीच नाही. आणि डिचोलीकर, उपाशी भावाला नुसतं 'सुखाने जा' म्हणणारा विश्वास मेलेला आहे, हे बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोबाने लिहून ठेवलंय. जाब जरूर विचारा, आम्हीही विचारू.

डिचोलीकर
ईयोबाचं पटलं, बाकीचं नाही. त्या भावाबरोबर बँकेत तुमच्या मंडळीतलं कोणी गेलं होतं का?

वास्कोवाली
दोघे गेले होते, कर्जाच्या एकरकमी तडजोडीचा, म्हणजे ठरलेली रक्कम एकदम भरून कर्ज मिटवण्याचा, अर्ज घेऊन. मॅनेजरने ठेवून घेतलाय, उत्तर अजून नाही. तुमच्याकडे कोणाची अशी तडजोड झाली असेल तर कागद काय काय लागले ते इथेच लिहा.