अनुभव धागा : स्मार्ट घराची सुरुवात तुम्ही कुठून केलीत?

जाहिरातीत सगळं सोपं दिसतं, पण नव्याने घेणाऱ्याला कामाची माहिती मिळत नाही, म्हणून हा धागा. काय घेतलंत, ते कुठे बसवलंत, घरातल्या मोठ्यांना झेपलं का, सगळं लिहा.

सुरुवात मीच करते. आमच्याकडे पहिला नंबर गीझरचा लागला. सासऱ्यांची अंघोळ पहाटे असते. थंडीत उठून बटण दाबायचं आणि कुडकुडत पाणी तापायची वाट बघायची. गीझर २००० वॅटचा, म्हणजे साधारण ९ अँपिअर घेतो. म्हणून १६ अँपिअरचाच स्मार्ट प्लग, म्हणजे अॅपमधून वेळ लावून ठेवता येणारा प्लग, घेतला. ६ अँपिअरचा गीझरला अजिबात लावू नका. आता पाचला चालू, साडेपाचला बंद. सासऱ्यांना फोनला हातही लावावा लागत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

ठाणे, भाड्याचं घर
बोर्ड उघडायला घरमालकाची परवानगी नव्हती, म्हणून आयआर ब्लास्टर, म्हणजे फोनवरून चालणारा रिमोट, घेतला. एसी आणि टीव्हीचे रिमोट त्यात शिकवून ठेवले. रिमोटसारखाच तो भिंतीपलीकडे चालत नाही, त्यामुळे खोलीत मोकळ्या जागी ठेवा. जोडणी अडली तर राउटरवर वायफायचं २.४ गिगाहर्ट्‌झ चालू आहे का ते आधी पाहा. यातली बरीच उपकरणं ५ गिगाहर्ट्‌झवर चालतच नाहीत.

सांगली जिल्हा
घरातलं नाही, विहिरीवरचं लिहितो, चालेल ना? थ्री फेज लाईट रात्रपाळीची असली की दादा बॅटरी घेऊन बांधाबांधाने मोटर चालू करायला जायचे. पावसाळ्यात सापांची भीती, आई जागीच. मोबाईल स्टार्टर बसवला. पेटीत सिमकार्ड असतं. फोन लावून आकडा दाबला की मोटर सुरू. लाईट आली-गेली की पेटीच कळवते. विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटर कोरडी फिरते आणि तिचे अँपिअर उतरतात. पेटी ते ओळखून मोटर बंद करते, म्हणजे ती जळायची भीती गेली. इंटरनेट लागत नाही, पण रेंज लागते. सिमचा रिचार्ज संपू देऊ नका. दादा आता रात्री घरीच असतात, आणखी काय पाहिजे!

न्यू जर्सी
आईबाबा नाशिकला दोघंच असतात. कॅमेरा नको म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच आहे. स्वतःच्या घरात कुणी सतत बघत असलेलं कुणाला आवडेल? मग फक्त मुख्य दाराला छोटा सेन्सर लावला. साडेसहाला दुधाच्या पिशव्या घ्यायला आई दार उघडते आणि माझ्या फोनवर सूचना येते. उन्हाळ्यात इथे तेव्हा आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात. राउटर मात्र इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लाईट गेली की उगाच काळजी.

नागपूर
वायरमनला आधी एवढंच विचारा: बोर्डात न्यूट्रल वायर आहे का? बऱ्याच स्मार्ट स्विचना ती लागते. बोर्डामागे बसणारं मॉड्यूल घेतलं की जुनी बटणंही चालत राहतात. आमच्या आजीसाठी तेच केलं.

पुणे
एक शंका. रात्री लाईट जाऊन आली की स्मार्ट बल्ब आपोआप पेटतो आणि बाळ उठतं. काही उपाय?

नागपूर
अॅपमध्ये त्या बल्बच्या सेटिंगमध्ये 'पॉवर-ऑन स्टेट' किंवा तशा नावाचा पर्याय शोधा. तिथे 'आधीची स्थिती' निवडा. पर्याय नसेल तर आधी अॅपमधून बल्ब अपडेट करून बघा.