हौदातले वळवळे: कडुलिंबाचा काढा चालेल का?

बीडची_सून:
आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी. हौद अन् दोन बॅरल भरून ठेवावेच लागतात, त्यात वळवळे, म्हणजे डासांच्या अळ्या, झालेत. सासूबाई म्हणतात, कडुलिंबाचा पाला उकळून ओत. जाऊबाई म्हणतात, सीताफळाच्या बिया कुटून टाक, उवा मरतात तर ह्या का नाही? पाणी भांड्यांना, अंघोळीला लागतं.

निवृत्त_हिवतापवाला:
ताई, आधी जाऊबाईंना थांबवा. सीताफळाच्या बियांनी अळ्या मरतात, खोटं नाही. पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. अंघोळीच्या पाण्यात नकोच.

सासूबाईंचं निम्मं बरोबर. कडुलिंबातलं खरं औषध, अझाडिरॅक्टिन, पानापेक्षा निंबोळीच्या गरात जास्त, आणि उकळल्यावर आहे तेही कमी होतं. त्यानं अळी लगेच मरत नाही. तिला कात टाकता येत नाही, म्हणून कोषापर्यंत पोचत नाही. उन्हात ते टिकत नाही, सारखं टाकत राहावं लागतं. तेल वापरायचं तर साबणाच्या पाण्यात घोळून, नाहीतर नुसता तवंग. हे सगळं सांडपाण्याच्या डबक्याला ठीक.

तुमच्या बॅरलात बहुतेक एडिस डास आहे, डेंग्यूवाला, दिवसा चावणारा. तो स्वच्छ पाणीच शोधतो. मादी पाण्याच्या जरा वर, भिंतीला अंडी चिकटवते. नुसतं पाणी ओतून दिलं तरी ती कोरड्यात महिनोन् महिने जगतात, पाणी भरलं की पुन्हा वळवळ. म्हणून नळ यायच्या आदल्या दिवशी बॅरल रिकामं करून आतून काथ्यानं खसाखसा घासा, भरल्यावर तोंडाला कापड घट्ट बांधा. हौद रिकामा होत नसेल तर आरोग्य केंद्रात गप्पी मासे मागा.

गुहागरकर:
आमच्या वाडीत करवंट्यांत पाणी साचतं. त्यात करंजाचं तेल थेंबथेंब टाकलं तर?

निवृत्त_हिवतापवाला:
अहो, करवंटी पालथी घाला की!

बीडची_सून:
बॅरल घासते. हौदात मासे सोडून वर थोडं निंबोळीचं पाणीही टाकू का? सासूबाईंचं मन राहील.

निवृत्त_हिवतापवाला:
मासे सोडलेत तर वरून काहीच नको, त्यांनाही बाधू शकतं. सासूबाईंचा काढा मोरीमागच्या डबक्यात ओता. तिथं क्युलेक्स असतो, रात्री कानाशी गुणगुणणारा.