मेसियाँ, वेबर्न आणि मध्येच बोलणारा निवेदक

खर्जातला: काल इथे एकाने लिहिलं, "विसाव्या शतकातलं पाश्चात्त्य संगीत लोकांपर्यंत न्यायचं तर टीव्ही माहितीपटाला पर्याय नाही." साफ चूक. फ्रेंच संगीतकार मेसियाँच्या 'क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम' या चार वाद्यांच्या रचनेवर मी जे जे माहितीपट पाहिले त्यात बर्फ, काटेरी तारा, गोर्लिट्झची युद्धकैद्यांची छावणी, तिथला १५ जानेवारी १९४१ चा पहिला प्रयोग. क्लॅरिनेटने पक्ष्यासारखी लकेर घेतली रे घेतली की निवेदक सुरू. ऑस्ट्रियन संगीतकार वेबर्नच्या ओपस १० या रचनेतला चौथा तुकडा अर्ध्या मिनिटात संपतो. तेवढाही वेळ गप्प बसवत नाही?

जुना अँटेना: सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. ऑर्केस्ट्राचा संचालक सायमन रॅटल याची १९९६ ची 'लीव्हिंग होम' ही विसाव्या शतकातल्या संगीतावरची टीव्ही मालिका पाहिलीत? सात भाग, समोर बर्मिंगहॅमचा ऑर्केस्ट्रा, समजावणारा तोच आणि वाजवून घेणाराही तोच. माझे वडील नाट्यसंगीतावर वाढलेले. शोएनबर्गसारखा आधुनिक संगीतकार लावला की "बंद कर ते". ती मालिका मात्र शेवटपर्यंत पाहिली.

तिहाई: मेसियाँचा विषय निघालाच आहे तर, त्या क्वार्टेटच्या पहिल्या भागात पियानोची लय रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश या तालांची आहे. तेराव्या शतकातल्या शार्ङ्गदेवाने नोंदवलेले देशी ताल! त्याचा 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ आपल्या देवगिरीत लिहिला गेला. हे कोण दाखवणार?

परदेशी मध्यम: शार्ङ्गदेवाचे आजोबा काश्मीरचे. उगाच झेंडे रोवू नका. मेसियाँने फ्रेंच विश्वकोशातल्या यादीवरून ते ताल उचलले. ठेका नाही, सम नाही. याला ताल म्हणायचं?

तिहाई: झेंडा कोण रोवतंय? देवगिरीचा राजा सिंघण यादव याचा आश्रय होता म्हणून ग्रंथ झाला, एवढंच म्हणतोय. आणि समेचं म्हणाल तर मी पंधरा वर्षं तबला शिकलोय. त्या पियानोत १७ कालमूल्यं (स्वर किती वेळ टिकतो ते) आणि २९ कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) यांची आवर्तनं एकमेकांवर फिरतात. दोन्ही पुन्हा एकत्र सुरुवातीला यायला ४९३ कॉर्ड लागतील, आणि तो भाग त्याच्या कितीतरी आधी संपतो. बोटांवर मोजत होतो तेव्हा अंगावर काटा आला.

जुना अँटेना: हेच पडद्यावर दोन फिरती चाकं दाखवून मिनिटात कळेल.

खर्जातला: बरं, चाकं दाखवा. पण आधी तो जेमतेम तीन मिनिटांचा भाग अखंड वाजवा. पडदा काळा.

जुना अँटेना: काळा पडदा दिसला की लोक चॅनेल बदलतात. वाजवणाऱ्यांचे हात दाखवा. वडील रॅटलचे हात बघत बसायचे.

खर्जातला: हात चालतील. निवेदक नको.