खाऱ्या पाण्याचा टँक बंद करतोय, या सगळ्यांना नीट घर कसं शोधू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

९ वर्षं सांभाळलेला ३०० लिटरचा समुद्री माशांचा टँक बंद करायचं शेवटी ठरवलंय. खांदा दुखावलाय, पाण्याच्या बादल्या उचलवत नाहीत, त्यात कामासाठी अर्धा महिना बाहेर असतो. मागच्या खेपेला परत आलो तर उडून गेलेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी भरणारा पंप अडकलेला आणि सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) ३५ वरून ३९ वर चढलेली, कुणी मेलं नाही हे नशीब, पण त्याच दिवशी मनात पक्कं झालं.

आत आहेत क्लाऊनफिशची जोडी (मादी मोठी, नर बिचारा तिच्या धाकात), त्यांचं बबल टिप अ‍ॅनिमोन (खडकाला धरून राहणारा मऊ समुद्री प्राणी), एक यलो टँग आणि एक मँडरिन हे मासे, २ क्लीनर श्रिंप (कोळंबी), बऱ्याच गोगलगायी आणि खडकांवर पसरलेले झोअँथिड (मऊ प्रवाळ, म्हणजे कोरल).

खरी काळजी मँडरिनची आहे. सगळ्यांना तोच हवाय, दिसतोच तसा. पण तो दिवसभर खडकांवरचे बारीक कोपेपॉड (अगदी सूक्ष्म जीव) टिपून खातो, माझ्याकडे इतक्या वर्षांत पेलेटला (तयार दाण्याला) तोंड लावलेलं नाही, आणि विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांचा टँक दोन महिन्यांचा. तिथे एवढे कोपेपॉड नसतात, तो हळूहळू उपाशी मरणार. फुकट देतोय म्हटल्यावर तर लोक माझेच प्रश्न ऐकून घेत नाहीत, किती जुना टँक, किती खडक एवढं विचारलं तरी राग येतो. तुम्ही देताना काय विचारता? टँकचा फोटो मागणं जास्त होतं का?

दुसरं म्हणजे क्लाऊनची जोडी मला फोडायची नाहीये. एकाला फक्त मोठी हवी होती, नाही म्हणालो. अ‍ॅनिमोनचा पाय खडकाच्या भोकात खोल गेलाय, ओढून काढला तर फाटतो आणि मग सडतो, म्हणून खडकासकटच द्यावं म्हणतोय, त्यात चूक नाही ना?

काढायचा क्रम असा ठरवलाय की आधी कोरल आणि श्रिंप, मग खडक, आणि मासे शेवटी, कारण खडक असेपर्यंत टँग हाती लागणं शक्य नाही. फक्त तोपर्यंत वाळू ढवळून सगळी घाण वर येईल ही भीती, म्हणून जुनं पाणी आधीच टबात काढून एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) आणि हीटर लावून ठेवणार. टँगच्या शेपटीजवळचा काटा पिशवी फाडतो, त्याला झाकणाची बादली.

आता जिथे अडलोय ते. एक जण मासे आणि श्रिंप न्यायला ५ तासांवरून येतोय. एवढ्या वेळात बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो, त्यामुळे माशांच्या शरीरातून बाहेर पडून साठलेला अमोनिया त्यातल्या त्यात कमी घातक रूपात असतो, पण पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जाळायला लागतो. म्हणजे तासभर ड्रिप करणं (नव्या टँकचं पाणी थेंबथेंब मिसळत सवय लावणं) माशांना वाईट. उलट श्रिंपला सॅलिनिटीतला अचानक फरक सोसत नाही, त्यांना ड्रिप हवंच. मग आधीच त्याच्या टँकची सॅलिनिटी विचारून माझं पाणी आठवडाभरात त्या आकड्यावर आणून ठेवलं तर ड्रिपची गरजच राहणार नाही ना? कुणी असं केलंय का?

भर: ज्यांनी ‘समुद्रात सोडून दे’ लिहिलंय त्यांना हात जोडून नाही. अटलांटिकमध्ये लायनफिशने काय करून ठेवलंय ते बघा, तो मूळचा तिथला नाहीच. आणि उरलेले खडक उकळून साफ कर म्हणणाऱ्या दादा, कृपा करून असं कुणाला सांगू नका, झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असू शकतं, ती वाफ श्वासात गेली की थेट हॉस्पिटल. ग्लोव्हज, चष्मा घालूनच हात लावणार आहे.

तो ५ तासांवाला रविवारी येतोय, त्यामुळे सॅलिनिटीचं तेवढं कुणीतरी लवकर सांगा.