अर्थसी वाचताना भात करपला! नावांचा भाग ढकलून पुढे जाऊ का?

खाडीकाठचा:
नमस्कार मंडळी. मी मालवणजवळचा. 1 जूनपासून ट्रॉलर बंद, पाऊस नुसता कोसळतोय आणि लाईटचं काही खरं नाही. भाचा सुट्टीत आलेला, जाताना उर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' इथेच टाकून गेला. जादूबिदू म्हणजे पोरांचं असणार म्हणून मी बाजूला ठेवलेलं, परवा सहज उघडलं आणि गॅसवरचा भात करपून वास शेजारी गेला तेव्हा भानावर आलो. अख्खी दुनियाच बेटांची, कुठेही जायचं म्हणजे होडी, शीड, वारा. बकऱ्या राखणारा पोरगा मावशीच्या तोंडून ऐकलेला मंत्र नुसता म्हणून बघतो तर बकऱ्या येऊन त्याला घेरतात आणि सोडेचनात, तिथेच मी अडकलो. पण माझं इंग्रजी बेताचं, दिवसाला 8-10 पानं होतात. आता तो जादूच्या शाळेत गेलाय आणि नावांच्या याद्या पाठ करतोय, तिथे गाडी रुतली. ढकलू का तेवढं? शेवट सांगू नका प्लीज.

वेंगुर्लेकरीण:
अजिबात ढकलू नका हो! सगळी जादू त्या नावांतच आहे. ज्याचं खरं नाव ठाऊक त्याच्यावरच मंत्र चालतो, म्हणून माणसं आपलं खरं नाव लपवतात आणि वापरायला वेगळंच ठेवतात. मला हे वाचताना आमची आजी आठवली. दिवेलागण झाली की घरात 'साप' म्हणायची सोय नव्हती, 'जनावर' म्हणायचं. आम्ही मुद्दाम म्हटलं की ओरडायची, "नाव घेव नको, येतला!" आता बोला, आजीने कुठे वाचलं होतं अर्थसी?

कातळावरून:
माझं मत वेगळं, रागावू नका. मला पहिल्यांदा बोअर झालेलं. लढाया नाहीत, जोक नाहीत, लेखिका सगळं लांबून सांगितल्यासारखं सांगते. धुक्याचा मंत्र घालून पोरगा गाव वाचवतो तेवढं भारी, मग बराच वेळ नुसतं शिक्षण. दुसऱ्यांदा पावसात वाचलं तेव्हा कुठे जमलं. आणि तो काळ्या सावलीचा प्रकार सुरू झाला की रात्री एकट्याने

वेंगुर्लेकरीण:
@कातळावरून अहो थांबा तिथेच!! शेवट नको म्हणालेत ते.

दर्यावर्दी_रत्नागिरी:
खाडीकाठचा भाऊ, नकाशाच्या पानात बोट घालून वाचा, गोंट कुठे, रोक कुठे, ही बेटं बघत. प्रत्येक शब्दाला डिक्शनरी नको, होडीचे शब्द तर तुम्हाला संदर्भानेच कळतील. पुढे एका म्हाताऱ्या कोळ्याची होडी येते, तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, दोन्ही बाजूंना डोळे रंगवायचे असतात, तो भाग सावकाश वाचा. आणखी एक, तो बकऱ्या राखणारा पोरगा, गेड, गोरा नाही, तांबूस सावळा आहे, त्याचा मित्र तर काळाच. 1968 ला असा हिरो! बऱ्याच कव्हरांवर त्याला गोरा करून टाकलं ते वेगळं. आवडलं तर पुढचा भाग 1971 चा, 'द टूम्ब्स ऑफ अटुआन', पण त्यात समुद्र शोधू नका, बरंचसं जमिनीखालच्या काळोखात घडतं, नायिका एक मुलगी. मला तोच जास्त आवडतो. तिसरा 1972 चा, त्यात परत होडी.

खाडीकाठचा:
थँक्यू सगळ्यांना, ताई तुम्ही म्हणालात म्हणून मागे जाऊन परत वाचतोय. आणि मागे गेल्यावर एक सापडलं जे पहिल्या वेळी निसटलेलं. गेडचा पहिला गुरू ओजियन एवढा मोठा जादूगार, पण पाऊस आला की मंत्राने घालवत नाही, पडू देतो आणि आपला गुपचूप झाडाखाली आडवा होतो. पोरगा भिजत चरफडतोय, असली जादू काय कामाची म्हणून! बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ओजियन राहू दे, आधी पडवीतलं कौल सारा, बादली भरत आली.